एक फर्मा कमी

एकशे चव्वेचाळिसावं पान उलटलं आणि समोर एकशे एकसष्टावं आलं.

नाजिमाने पानांची कड अंगठ्याने चाचपून पाहिली. दोन पानं चिकटली असतील असं तिला वाटलं होतं, पण तसं काही नव्हतं. काही फाटलेलंही नव्हतं. शिवण घट्ट होती. बांधणीतच सोळा पानांचा एक अख्खा फर्मा राहून गेला होता. नारायण पेठेतल्या छापखान्यात अठरा वर्षं प्रुफं तपासणाऱ्या बाईला हे कळायला वेळ लागला नाही.

"थांबलीस का?" कौशल्याकाकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"पाणी पिते, काकू."

"पी. पण तिला रस्त्यात उभी करून ठेवलीयस, एवढं लक्षात असू दे."

ती म्हणजे कादंबरीतली ऊर्मिला. 'खंबाटकीपलीकडे' ही रहस्यकथा काकूंच्या वाचनकट्ट्याने त्या महिन्यासाठी निवडली होती. बँकेत अधिकारी असलेली ऊर्मिला साताऱ्याच्या एसटीत बसते, घाट ओलांडल्यावर मधल्याच एका थांब्यावर काही कारण नसताना उतरते आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. एकशे चव्वेचाळिसाव्या पानाच्या तळाशी एसटी निघून गेली होती, धूळ खाली बसली होती आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं : 'आता रस्त्यावर ती एकटीच होती, आणि'. एकशे एकसष्टाव्या पानावर हवालदाराला तिची चप्पल सापडत होती.

दुपारचे तीन वाजले होते. पडद्यातून गाळून आलेला उजेड आरामखुर्चीच्या हातावर पडला होता. समोरच्या सोसायटीत कुणीतरी तबल्याचा एकच कायदा पुन्हा पुन्हा वाजवत होतं. चुकत होतं, थांबत होतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतं. कोथरूडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर दुपार अशी रोज तरंगत राहायची. काकूंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहेतीस वर्षं लोकांचे ट्रंक कॉल जोडले होते. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या नजरेच्या नेमक्या मध्यभागी डाग आला होता. "माणूस दिसतो गं, त्याचा चेहरा तेवढा दिसत नाही," त्या सांगायच्या. अक्षरं तर त्याआधीच गेली. म्हणून दीड वर्षापासून नाजिमा छापखान्यातून दुपारी बस धरून इथे यायची, पाचपर्यंत वाचायची आणि मग बिबवेवाडीला आपल्या घरी जायची.

खुनाच्या, भुताखेतांच्या, आयटीतल्या घटस्फोटांच्या, कसल्याही कादंबऱ्या काकूंना चालायच्या. पुस्तक संपलं की त्या एका वाक्यात निकाल द्यायच्या. "भूत बरं होतं, माणसं कंटाळवाणी." "प्रत्येक प्रकरणात पाऊस. लेखकाचं छत्र्यांचं दुकान आहे का?" हे वाक्य नाजिमाने लक्षात ठेवायचं आणि कट्ट्यावर जायच्या आदल्या दिवशी त्यांना आठवण करून द्यायची. खरं तर त्याची गरज कधी पडली नव्हती.

"आणि?" काकू म्हणाल्या. "'आणि'वर कुणी थांबतं का?"

पानं नाहीयेत, हे सांगायला नाजिमाने तोंड उघडलं.

"आणि खाली, उताराच्या तळाशी, पाणी होतं," ती म्हणाली.

वाक्य कुठून आलं ते तिला कळलं नाही. पुस्तक हातात उघडं होतं, नजर हवालदाराच्या ओळीवर होती, आणि ऊर्मिला उतार उतरू लागली होती. तिला थांबवणं नाजिमाला जमलं नाही. पाणी धरणाचं होतं, उन्हाळ्याने आटून मागे सरलेलं. काठच्या काळ्या खडकांवर गोधड्या वाळत होत्या. तांबड्या, हिरव्या, जुन्या लुगड्यांच्या. इतक्या की लांबून बघणाऱ्याला वाटावं, एखादं गावच कुणीतरी उन्हात पसरून ठेवलंय. एक म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी राहून शेवटची गोधडी धूत होती. तिने ऊर्मिलाला कोण, कुठली, काही विचारलं नाही. नुसतं गोधडीचं एक टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी दोन बाजूंनी पीळ घातला. पाणी गळत राहिलं. मग ऊर्मिला एका अर्धवट वाळलेल्या गोधडीवर आडवी झाली. खालून खडकाची ऊब, वरून ऊन. तिला झोप लागली. जाग आली तेव्हा पिशवीतला फोन वाजून वाजून गप्प झाला होता आणि म्हातारी घड्या घालत होती. ऊर्मिला उठली. चपला तिथेच ठेवून, पाऊल बुडेल इतक्याच पाण्यातून, काठाकाठाने चालू लागली.

"चप्पल पाण्यापासून दहा हात लांब होती," नाजिमाने पुढचं पान वाचलं. या वेळी ते खरोखरच छापलेलं होतं.

सांधा बसला होता.

काकू म्हणाल्या, "एवढं मात्र बरं लिहिलंय हं. आत्तापर्यंत नुसता पळत होता मेला लेखक. इथे बसला जरा." आणि मग, "उद्या हे परत वाच."

दुसऱ्या दिवशी छापखान्यात, डबा खाऊन झाल्यावर, नाजिमाने रद्द झालेली प्रुफं घेतली आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर ते प्रकरण उतरवून काढलं. अठरा वर्षं ती समासात खुणा करत आली होती. इथला शब्द काढा, इथे जागा सोडा, हा ऱ्हस्व, हा दीर्घ. दुसऱ्याच्या मजकुरात तिने स्वतःचं एक वाक्य कधी घातलं नव्हतं. आता पेन थांबत नव्हतं. सहा कागद भरले. घडी घालून तिने ते पुस्तकात, एकशे चव्वेचाळीस आणि एकशे एकसष्टच्या मध्ये ठेवले. वाचनालयातून दुसरी प्रत आणायची, खरं काय ते बघायचं आणि काकूंना सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. प्रत बाहेर गेलेली होती. मग ती विचारायला पुन्हा गेली नाही.

कारण काकू रोज ते प्रकरण मागत होत्या. नवीन पानं सुरू करण्याआधी म्हणायच्या, "आधी जरा पाण्यावर जाऊन येऊ." नाजिमा कागद काढून वाचायची. काकूंचे हात मांडीवर सैल पडायचे. पिळाच्या जागी त्यांची बोटं किंचित वळायची.

कादंबरी संपली. खुनी निघाला तो ऊर्मिलाच्या नवऱ्याचा धंद्यातला भागीदार. "कळलं," काकू म्हणाल्या, "नेहमीचाच तो."

कट्टा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये भरायचा. काकूंना घेऊन जाणाऱ्या शेजारीणबाई त्या दिवशी गावाला गेल्या होत्या, म्हणून नाजिमाच त्यांचा हात धरून घेऊन गेली आणि मागच्या खुर्चीवर बसली. बारा-तेरा माणसं होती. ललिताबाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, कट्टा चालवायच्या.

"खुनी मला पंच्याऐंशीव्या पानावर कळला," बापूरावांनी सुरुवात केली. ते फक्त रहस्यकथा वाचत आणि प्रत्येक वेळी हेच सांगत. पानाचा आकडा तेवढा बदलायचा. "पुढचं मी नुसतं खात्री करायला वाचलं."

"मला बेसिकली रिलेटच नाही झालं," राजनंदिनी म्हणाली. ती हिंजवडीला आयटीत होती आणि कट्ट्यात सगळ्यांत लहान. "म्हणजे, लोकेशन शेअरिंग ऑन असताना कोण हरवतं?"

"भाषा ठीक आहे," ललिताबाई म्हणाल्या. "लेखकाला कुणीतरी वाढदिवसाला स्वल्पविराम द्या. कौशल्याताई, तुमचं काय मत?"

काकू खुर्चीत सरळ बसल्या. "पुस्तक सामान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण मधलं ते एक प्रकरण आहे ना, तसं मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नाही. ती गोधड्यांवर झोपते ते."

"कुठल्या गोधड्या?" बापूराव म्हणाले.

"धरणावरच्या. ती म्हातारी धूत असते ना. दोघी मिळून पिळतात."

"अहो, तिथे पांढरी गाडी येते. नंबरप्लेटवर चिखल. भागीदार उतरतो, दोघांचं भांडण होतं, चांगलं पंधरा पानं चालतं. गोधडी कुठली आली त्यात?"

पानं चाळल्याचे आवाज आले. कुणीतरी हसलं.

"कौशल्याताई," ललिताबाई म्हणाल्या, "तुम्ही बहुतेक सुधारून वाढवलेली आवृत्ती वाचलीत."

आता सगळेच हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, हे नाजिमालाही कळत होतं.

"पण आजी, हे भारी आहे," राजनंदिनी म्हणाली. "खरंच. हे पुस्तकात असतं ना, तर मी फाइव्ह स्टार दिले असते."

काकूंखेरीज नाजिमाच्या लिहिण्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि ते या प्रसंगात आलं होतं.

काकूंनी मान मागे वळवली. त्यांना तिचा चेहरा दिसणार नव्हता, तरी त्या तिच्याचकडे बघत होत्या. "नाजिमा, आहे ना गं पुस्तकात?"

"पुस्तक... पुस्तक वर राहिलं, काकू," नाजिमा म्हणाली. "बघून सांगते."

काकूंनी खुर्चीच्या हातावरचा आपला हात उचलला आणि पदराखाली घेतला. चर्चा पुढच्या पुस्तकाकडे वळली.

लिफ्टने दोघी वर आल्या. दाराशी काकू म्हणाल्या, "मी दोन पुस्तकं एकात कालवली असतील. होतं असं." नाजिमाने कुलूप काढलं, त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. सांगायला चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा दुसरंच काहीतरी बोलली. सोमवारी ती आली तेव्हा काकूंनी पाण्यावर जायचं नाव काढलं नाही. मंगळवारीही नाही. नाजिमा नवीन कादंबरी वाचत होती. काकू मध्येच थांबवून विचारायला लागल्या होत्या, "हे आत्ता वाचलंस का आधी वाचलं होतंस?" पूर्वी कधी असं विचारलं नव्हतं.

बुधवारी दार आमोदने उघडलं. काकूंचा मुलगा, वाकडला राहायचा, आठवड्याच्या मध्ये सहसा यायचा नाही. काकू आत झोपल्या होत्या.

"बसा, नाजिमाताई," तो म्हणाला. "जरा विचारायचं होतं. आईच्या बोलण्यात तुम्हाला काही फरक वाटतो का?"

"फरक म्हणजे?"

"विसरण्याचा." त्याने आवाज खाली आणला. "ललिताबाईंचा फोन आला होता. पुस्तकात नसलेलं काहीतरी आई अगदी रंगवून सांगत होती म्हणे. नुसतं विसरणं वेगळं. हे नसलेलं दिसणं वेगळं, नाही का? गेल्या महिन्यात दोनदा दूध उतू गेलं. एकच गोष्ट मला फोनवर दोन दिवस सांगितली." तो थांबला. "परवा डॉक्टरांची वेळ घेतलीय. तसं काही निघालं तर तिला वाकडला नेतो आणि हे घर बंद करतो. चौदाव्या मजल्यावर आहोत आम्ही. तिला तिथे आवडत नाही, माहितीय मला. लिफ्टची बटणं दिसत नाहीत, तिथे मी सामान होऊन राहीन, म्हणते. पण मी काय करू?"

आतल्या खोलीतून काकूंच्या श्वासाचा आवाज येत होता. नाजिमाने टीपॉयवरून 'खंबाटकीपलीकडे' उचललं, एकशे चव्वेचाळिसावं पान काढलं आणि घडी घातलेले सहा कागद त्याच्यापुढे ठेवले.

"हे मी लिहिलंय," ती म्हणाली. "पुस्तकात एक फर्मा कमी होता. मी... पुढचं मनाने सांगितलं. त्यांना माहीत नाही. कट्ट्यावर मी बोलायला हवं होतं, दादा. नाही बोलले."

आमोदने कागद वाचले. सावकाश, सगळे. एका पानावरून तो पुन्हा मागे गेला. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग सुटल्यासारखं काहीतरी आलं, आणि मग दोन्ही एकदमच राहिलं.

"चार दिवस मी झोपलो नाहीये," तो म्हणाला.

"मला कळतंय. त्या उठल्या की मी स्वतः सांगते. मग उद्यापासून नका बोलावू."

"नाही. थांबा." त्याने कागद गुडघ्यावर ठेवून नीट केले. "दूध तर उतू गेलंच ना. डॉक्टरांकडे जायचंच. त्याआधी तिला काही सांगू नका. तिला यातलं किती आठवतं ते त्यांना बघू दे. मग मी सांगतो तिला. तुम्हीही चला."

दवाखाना कर्वे रोडवर होता, दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. आमोदने आधी एकट्याने आत जाऊन त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी काकूंना वार, महिना विचारला. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने पुन्हा म्हणायला लावले. काकूंना चार आठवले. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, ते त्यांनी डॉक्टरांच्या आधीच करून टाकलं. 

"कागदावर काही काढायला सांगत नाही तुम्हाला," डॉक्टर म्हणाल्या. "इतक्यात ऐकलेली एखादी गोष्ट सांगाल? आवडलेली. जितकी आठवेल तितकी."

"आवडलेली एक आहे," काकू म्हणाल्या. "पण ती पुस्तकात नाही म्हणतात."

"चालेल."

आमोदने खिशातून कागद काढले. नाजिमा त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती.

काकूंनी डोळे मिटले. "रस्त्यावर ती एकटीच होती, आणि खाली, उताराच्या तळाशी, पाणी होतं," त्यांनी सुरुवात केली.

त्या घाई करत नव्हत्या. आटून मागे सरलेलं पाणी आलं. काळे खडक आले, गोधड्या आल्या. तांबड्या, हिरव्या, जुन्या लुगड्यांच्या. एखादं गावच कुणीतरी उन्हात पसरून ठेवलंय. आमोदचं बोट कागदावरून ओळीओळीने सरकत होतं आणि त्याच्या आईचा आवाज त्या बोटाच्या पुढे पुढे चालत होता. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते, पण खोलीत ऊन पडल्यासारखं वाटत होतं. नाजिमाने स्वतःची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ती तिची वाटत नव्हती. आधीपासून कुठेतरी होती, आणि तिने फक्त उतरवून घेतली होती, असं तिला वाटलं. पिळाच्या जागी काकूंची बोटं टेबलावर वळली. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं होतं.

"जाग आली तेव्हा फोन वाजून वाजून गप्प झाला होता," काकू म्हणाल्या. "म्हातारी घड्या घालत होती. तिनं विचारलं, 'घरी कोन हाय गं तुज्या?' ऊर्मिला म्हणाली, 'रोज सकाळी नऊला एक फोन असतो.' मग ती उठली आणि चपला तिथेच ठेवून काठाकाठाने चालायला लागली."

आमोदचं बोट थांबलं. त्याने कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मग त्याने मान वर करून नाजिमाकडे बघितलं.

ती दोन वाक्यं कागदावर नव्हती. नाजिमाने ती कधी वाचली नव्हती. आमोद आईला रोज सकाळी नऊला, ऑफिसला निघताना गाडीतून फोन करायचा, हे तिला काकूंकडूनच कळलं होतं.

"हे इथे नाहीये," तो अगदी हळू म्हणाला.

डॉक्टरांनीही विचारलं, "काही वेगळं आलं का?"

काकू डोळे मिटून बसल्या होत्या. चेहरा शांत होता. त्यावरून काहीही ओळखता येत नव्हतं.

"ते मी नंतर वाढवलं होतं," नाजिमा म्हणाली. "वाचता वाचता. कागदावर घालायचं राहून गेलं."

आमोद तिच्याकडे बघत राहिला. तिने नजर हलवली नाही. अखेर त्याने कागदांची घडी घातली. खिशात ठेवली नाही, हातातच धरून ठेवली.

डॉक्टर बोलल्या ते ठीकच होतं. वयाप्रमाणे थोडंफार असतं, ऐकलेलं मात्र उत्तम लक्षात राहतंय. दूध तापत ठेवताना गजर लावा, सहा महिन्यांनी पुन्हा या. घर बंद करण्याची घाई नको, असंही त्या म्हणाल्या. जिन्यात आमोदने आईचा हात धरला आणि तिला सगळं सांगितलं, पुस्तकाबद्दल, फर्म्याबद्दल, नाजिमाबद्दल. नाजिमा दोन पायऱ्या मागे होती. काकू ऐकत होत्या की पायऱ्या मोजत होत्या, ते कळत नव्हतं. खाली आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरांनी छान ऐकलं. कट्ट्यावर असं कुणी ऐकत नाही."

गाडीत त्या नाजिमाबरोबर मागे बसल्या. चारचं ऊन तिरकं झालं होतं. कर्वे पुतळ्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती आणि गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. आमोदने रेडिओ लावला, मग बंद केला. नाजिमाच्या डोक्यात ती दोन वाक्यं फिरत होती. आपण बोललो ते बरोबर होतं का, हे तिला कळत नव्हतं. घरातल्या एका गळतीवर आपण नुसतं भांडं ठेवलं असलं तर?

"पुढे तिचं काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

"कुणाचं?"

"ऊर्मिलाचं. काठाकाठाने गेली ती."

ऊर्मिलाचं काय झालं ते त्यांना तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. शेवटच्या पानापर्यंत वाचून झालं होतं, खुनी सापडला होता, काकूंनी त्याला नेहमीचाच तो म्हणून निकालात काढलं होतं. नाजिमाने समोरच्या आरशात पाहिलं. आरशातून आमोदचे डोळे तिच्याकडेच बघत होते. 

काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आणि सावली आळीपाळीने सरकत होती.

नाजिमाजवळ पुस्तक नव्हतं, कागदही नव्हते. तिने ओढणी खांद्यावर नीट घेतली.

"ती चालत राहिली," तिने सुरुवात केली. "पाणी संपलं तिथून एक पायवाट लागत होती. वर, गावाकडे. गावात पहिलंच घर लागलं त्याचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. ती ओट्यावर टेकली. थोड्या वेळाने म्हातारी डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं घेऊन आली. घर तिचंच होतं. ती म्हणाली, 'माझी लेक...'"

"अगं, थांब," काकू म्हणाल्या. त्यांनी चाचपून नाजिमाचं मनगट धरलं. "केवढं चालून आलीय ती. गोष्टी काय, मग सांगेल म्हातारी. आधी तिला चहा दे."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. पुढची रांग हलली होती. आमोदने गाडी सोडली, अगदी सावकाश.

नाजिमाने तिला चहा दिला.